बाईंच्या तालमीतले नट एकमेकांसारखे का नाहीत? (विजया मेहता)

विंगेतून

मंडळी,

विजया मेहतांवरचे बहुतेक लेख एकाच क्रमाने जातात. आधी अभिनेत्री, मग 'रंगायन' ही प्रायोगिक नाट्यसंस्था, मग दिग्दर्शक, मग पद्मश्री आणि बाकीचे मानसन्मान, आणि शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य: 'त्यांनी अनेक कलावंत घडवले.' मला नेमकं त्या शेवटच्या वाक्याविषयी बोलायचं आहे, म्हणून हा धागा.

विक्रम गोखल्यांचा 'बॅरिस्टर' आठवा. 'पुरुष'मधला नाना पाटेकरांचा गुलाबराव आठवा, त्याच नाटकातली रीमाची अंबिका आठवा. 'हमीदाबाईची कोठी'तले अशोक सराफ, भारती आचरेकर, नीना कुळकर्णी आठवा. ही सगळी माणसं बाईंच्या तालमीतून गेली. पण एकाचं बोलणं दुसऱ्यासारखं नाही, चालणं नाही, थांबणंही नाही. आणि बाई स्वतः इतक्या ठसठशीत अभिनेत्री असूनही यांच्यापैकी कुणीच बाईंसारखं काम करत नाही.

मराठी रंगभूमीवर हे सहज घडत नाही. आपल्याकडे मोठ्या नटाने नाटक बसवलं की त्याचा सूर कंपनीभर पसरतो. दुय्यम भूमिकेतला मुलगाही त्याच्यासारखी वाक्यं तोडायला लागतो, श्वास घेण्याच्या जागासुद्धा त्याच्याच उचलतो. प्रेक्षकाला ते आवडतंही, कारण ओळखीचं वाटतं. नट असलेल्या दिग्दर्शकाला सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे करून दाखवणं. ते त्याला येतंच. समोरचा नवखा असेल तर तोही सुटकेचा श्वास टाकतो आणि ते उचलतो. हा मोह बाईंनी कसा टाळला असेल, हा मला त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा प्रश्न वाटतो.

थोडी पार्श्वभूमी, नव्या वाचकांसाठी. जन्म १९३४, बडोदा. नाटकाचं रीतसर शिक्षण मुंबईत इब्राहिम अल्काझी आणि अदी मर्झबान यांच्याकडे. जुन्या जाहिरातींत विजया जयवंत, विजया खोटे आणि विजया मेहता अशी तीन नावं दिसतात, ती एकाच व्यक्तीची आहेत. १९६० मध्ये 'रंगायन' सुरू झालं. विजय तेंडुलकर, अरविंद आणि सुलभा देशपांडे, माधव वाटवे ही त्या गोतावळ्यातली माणसं. पुढे व्यावसायिक रंगमंचावर जयवंत दळवींची 'संध्याछाया', 'बॅरिस्टर', 'महासागर', 'पुरुष', सई परांजप्यांचं 'जास्वंदी', अनिल बर्व्यांचं 'हमीदाबाईची कोठी', महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी'. नंतर राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं अध्यक्षपद आणि मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राची धुरा.

हा तपशील कुठेही मिळेल. मला हवंय ते तुम्ही जे पाहिलंत, त्यावरून तुम्हाला काय वाटतं ते.

---

तिसरी घंटा

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी 'संध्याछाया' पाहिलं तेव्हा कॉलेजात होतो. मुलांची वाट पाहणारं म्हातारं जोडपं, बाई आणि माधव वाटवे. १९७३ चं नाटक, म्हणजे बाईंनी तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. माझ्याबरोबरच्या मित्राला हे ठाऊक नव्हतं. मध्यंतरात मी सांगितल्यावर तो खरंच मानायला तयार होईना.

म्हातारपण दाखवायचं म्हटलं की आपल्याकडे कमरेत वाक, थरथरता हात आणि खोकला. तिथे तसं काही ढोबळ नव्हतं. त्या वयाच्या बाईच्या मनात दिवसभर काय चालतं ते आधी आलं आणि शरीर त्याच्या मागून आलं, असं मला वाटलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. ज्या नटाला स्वतःच्या तरुण शरीरातून म्हातारी शोधावी लागते, त्याला कळतं की हे बाहेरून देता येत नाही. मग तो दुसऱ्याला तरी बाहेरून कसं देईल?

---

दगडी पाटी

विषय उत्तम, पण माझी असहमती नोंदवतो. गोखले नटांच्या घराण्यातून आले होते. सराफ आणि पाटेकर यांच्याकडे अंगभूत ताकद होती. ही माणसं बाईंकडे गेली नसती तरी मोठी झालीच असती. गुरूला श्रेय देण्याची आपल्याला सवय आहे, आणि त्यात शिष्याची स्वतःची मेहनत झाकली जाते.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 'रंगायन'च्या काळात बाईंनी खानोलकरांचं 'एक शून्य बाजीराव' केलं, तेंडुलकरांची नाटकं केली, आयनेस्कोसारखा अ‍ॅब्सर्ड नाटककार मराठीत आणला. त्यानंतर त्या मुख्य धारेत गेल्या आणि कौटुंबिक नाटकं करू लागल्या. चांगली केली, वादच नाही. पण प्रायोगिक रंगभूमीने आपली सगळ्यात तयारीची दिग्दर्शक गमावली. पुढे दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकांची जी चळवळ घडली, ती त्यांच्याविना घडली. या धाग्यात त्या नुकसानीचा उल्लेख व्हायला हवा.

---

विंगेतून

दगडी पाटी, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर मी बराच विचार केला. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

'रंगायन'मध्ये बाईंनी आयनेस्कोचं 'खुर्च्या' केलं. त्यात काय आहे? एक अतिवृद्ध जोडपं. त्यांच्याकडे पाहुणे येतात, पण ते प्रेक्षकांना दिसत नाहीत. रंगमंच रिकाम्या खुर्च्यांनी भरत जातो, आणि म्हातारा-म्हातारी त्या रिकाम्या जागांशी अदबीने बोलत राहतात. नटाच्या दृष्टीने हे भयंकर कठीण. समोर कुणी नाही, तरी प्रेक्षकाला 'कुणीतरी आहे' असं वाटायला हवं, आणि त्याच वेळी 'कुणीही नाही' हेही कळायला हवं.

आता 'संध्याछाया' पाहा. म्हातारं जोडपं. मुलं दूर. घरात कुणी चुकूनमाकून आलं तर दोघं त्याला जाऊ देत नाहीत. दळवींची भाषा मध्यमवर्गीय, घर ओळखीचं, प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडणारा. पण नटापुढचं काम तेच आहे: नसलेल्या माणसांनी भरलेलं घर उभं करायचं. ज्या दिग्दर्शकाने 'खुर्च्या' बसवलंय, तिला दळवींच्या संहितेत नुसती करुण गोष्ट दिसणार नाही. तिला त्या घरातल्या रिकाम्या जागा दिसतील.

म्हणून 'प्रायोगिक सोडून मुख्य धारेत गेल्या' हे मला पटत नाही. त्या जे शिकल्या होत्या ते बरोबर घेऊन गेल्या. आणि साल बघा: 'संध्याछाया' आणि जर्मन नाटककार ब्रेख्तचं 'अजब न्याय वर्तुळाचा' ही दोन्ही नाटकं १९७३ च्या आसपासची. एकीकडे खानोलकरांनी मराठीत आणलेला ब्रेख्त, सोबत जर्मनीतल्या वायमारहून आलेले दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ, दुसरीकडे दळवी. एकाच बाईने, जवळजवळ एकाच वेळी. अशा दिग्दर्शकाच्या हाताखाली काम करणाऱ्या नटाला दोन्ही प्रकारचं पाणी चाखायला मिळालं.

पहिल्या मुद्द्याबद्दल: अंगभूत ताकद होती, मान्य. पण अशोक सराफ तेव्हा विनोदी नट म्हणून गाजायला लागले होते. त्यांना 'हमीदाबाईची कोठी'सारख्या गंभीर नाटकात घेणं हा कुणाचा तरी निर्णय होता. नटात काय आहे ते त्याच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी दिसावं लागतं. मी शिक्षक म्हणतो तो या अर्थाने.

---

अर्धविराम

'शांतता! कोर्ट चालू आहे' पण बाईंचंच ना?

---

तिसरी घंटा

@अर्धविराम, नाही. संस्था 'रंगायन', साल १९६७, पण दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि बेणारेची मुख्य भूमिका सुलभाताईंची. पुढे त्याच मंडळींनी १९७१ मध्ये 'आविष्कार' ही संस्था काढली. कमलाकर सारंगही 'रंगायन'मधलेच. त्यांनी १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर' केलं.

दगडी पाटी यांच्या नुकसानीच्या मुद्द्याला याच्यात एक उत्तर आहे. 'रंगायन' संपलं, पण तिथे तयार झालेली माणसं आपापली संस्था, आपापलं नाटक घेऊन उभी राहिली. छबिलदासची चळवळ बाईंविना झाली हे खरं. ती 'रंगायन'विना झाली नसती हेही खरं.

---

दगडी पाटी

हे मान्य. 'खुर्च्या' आणि 'संध्याछाया' यांचं नातं मला कधी सुचलं नव्हतं, आता ते डोक्यातून जाणार नाही. तरीही 'पुरुष'सारख्या नाटकात विषय जेवढा धारदार होता तेवढी मांडणी नव्हती, असं माझं मत कायम आहे. ती सर्वस्वी संहितेची मर्यादा असेल.

---

नेपथ्यवाला

मी हौशी संस्थेत पडद्यामागे काम करतो, अधूनमधून नाटकं बसवतोही. एका गोष्टीवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. बाईंनी स्वतः बसवलेल्या नाटकांत स्वतः भूमिका केल्या. हे बाहेरून जितकं सोपं दिसतं त्याच्या दसपट अवघड आहे.

तालमीत तुम्ही रंगमंचावर उभे असता, म्हणजे समोरून चित्र दिसत नाही. आपली जागा कुणीतरी बदली म्हणून उभं राहून भरायची, आपण प्रेक्षागृहात बसायचं, आणि मग स्वतः आत शिरायचं. आत शिरलात की समोरचा नट गडबडतो, कारण त्याला कळत नाही की ही आत्ता माझ्याकडे पात्र म्हणून बघतेय की दिग्दर्शक म्हणून. दिग्दर्शकाची नजर नटाला लगेच कळते. त्या नजरेसमोर तो अभिनय करायचं सोडून परीक्षा द्यायला लागतो. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आमच्याकडे आता दिग्दर्शकाने भूमिका करायची नाही असा नियमच आहे.

'बॅरिस्टर'मध्ये बाई मावशी होत्या. विक्रम गोखले आणि सुहास जोशी समोर. जर बाईंच्या डोळ्यांतला दिग्दर्शक जागा असता तर त्या दोघांना इतकं मोकळं काम करता आलं नसतं. म्हणजे प्रयोगाला उभं राहताना त्या सगळं सोडून देत असणार. हे सोडून देणं हीच माझ्या मते नटाला मिळालेली सर्वांत मोठी शिकवण. तोंडाने 'तू मोकळा आहेस' असं कितीही सांगा, शेजारी उभं राहून ते सिद्ध करावं लागतं.

---

पाऊस थांबल्यावर

फार सुंदर लिहिलंत, नेपथ्यवाला.

मी रंगभूमी फारशी पाहिली नाही, पण बाईंचे चित्रपट पाहिलेत. 'रावसाहेब' हा 'बॅरिस्टर'वरून त्यांनीच केलेला चित्रपट. मावशी तिथेही त्याच, आणि त्या भूमिकेला सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रावसाहेब मात्र अनुपम खेर. मला कौतुक वाटतं ते असं की त्यांनी रंगमंचावरची मावशी उचलून कॅमेऱ्यापुढे ठेवली नाही. वाड्यातली सोवळी विधवा, जिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या दारात गेलं. ती कॅमेऱ्याला फार थोडं देते आणि तेवढं पुरतं.

गोविंद निहलानींच्या 'पार्टी'त बघा, एकदम वेगळी बाई. उच्चभ्रू, साहित्यिकांना जमवणारी यजमानीण. श्याम बेनेगलांच्या 'कलयुग'मध्ये पुन्हा तिसरीच. अशी अभिनेत्री जेव्हा दुसऱ्याला शिकवायला बसते, तेव्हा 'माझी शैली घे' असं सांगायला तिच्याकडे एक ठरलेली शैलीच नसते. कदाचित उत्तर इतकं सरळ असेल.

अवांतर: 'पेस्तनजी' कुणी पाहिलाय का? नसीरुद्दीन शाह, अनुपम खेर, शबाना आझमी. पारशी घरांतलं ते जग इतकं आतून आलंय. अदी मर्झबान यांच्याकडची उमेदवारी तिथे उपयोगी पडली असणार, असा माझा अंदाज.

---

मधली ओळ

मी जर्मन शिकवते, म्हणून माझं लक्ष वेगळीकडे गेलं. बाईंनी जर्मन नटांबरोबर नाटकं केली. १९८४ मध्ये वायमारच्या नाट्यगृहात गिरीश कार्नाडांचं 'हयवदन', १९९२ मध्ये लाइपझिगच्या नटांना घेऊन 'नागमंडल'. विंगेतून यांच्या प्रश्नाला मला तिथे पुरावा दिसतो.

परक्या भाषेत करून दाखवताच येत नाही! वाक्य त्या नटाचं, उच्चार त्याचे, वाक्यातलं क्रियापद कुठे पडणार तेही त्याच्या भाषेनं ठरवलेलं. मराठी नटाला एखादी जागा तुम्ही स्वतः बोलून देऊ शकता. जर्मन नटाला नाही. तिथे दिग्दर्शकाकडे उरतं ते एवढंच: या क्षणी या माणसाला काय हवंय, कुणाकडून हवंय, आणि ते मिळेना म्हणून तो काय करतो. बाकी सगळं नटाने आणायचं. जी व्यक्ती हे पुन्हा पुन्हा करायला जाते, तिची पद्धत मुळातच नकलेवर उभी नसणार.

शिवाय 'हयवदन'! दोन मित्रांची डोकी आणि धडं अदलाबदल होतात, आणि मग प्रश्न येतो की माणूस कोण, डोकं की धड. नटाला मन आणि शरीर यांचा मेळ शिकवायला याहून चांगली संहिता शोधून सापडणार नाही.

---

कोरी वही

सगळ्यांना नमस्कार. मी एकवीस वर्षांची आहे, एकांकिका केल्यात, आता पुढे शिकायचंय. एका अभिनय वर्गाला गेले होते. तिथे पहिल्या दिवसापासून रडायला शिकवलं. रडता आलं की टाळ्या. शिकवणारे स्वतः चांगले नट आहेत, पण प्रत्येक प्रवेश आधी ते करून दाखवायचे आणि आम्ही तसंच करायचं. शेवटी सगळे एकाच पद्धतीने रडत होतो. मी सोडलं तो वर्ग, पण तेव्हापासून वाटतंय की मलाच जमलं नाही. हा धागा वाचून थोडा धीर आला. चांगला शिक्षक ओळखायचा कसा?

---

तिसरी घंटा

कोरी वही, तुला जमलं नाही असं मुळीच नाही. तुझ्या नजरेला जे खटकलं ते बरोबरच खटकलं.

आधी त्या शिक्षकाचे विद्यार्थी बघ, शिक्षक नंतर. दोन-तीन जणांची कामं लागोपाठ पाहा. सगळे एकाच ठिकाणी थांबत असतील, एकाच पट्टीत चढत असतील, तर तिथे जाऊ नकोस, मग तो नट कितीही मोठा असो. आणि शिक्षकाने संहिता वाचायला किती वेळ दिला ते विचार. उभं राहण्याची घाई करणारा वर्ग मला कधीच भरवशाचा वाटला नाही.

---

नेपथ्यवाला

तिसरी घंटांशी सहमत. माझी थोडी भर.

एकच गुरू हवा असा हट्ट धरू नकोस. नीना कुळकर्णी दिग्दर्शक पंडित सत्यदेव दुब्यांकडेही शिकल्या आणि विजयाबाईंकडेही. दोन टोकं म्हणावीत इतकी वेगळी माणसं. दुबेजींचा भर बोलण्यावर, शब्दाच्या स्पष्टतेवर. त्यांच्या हाताखालून गेलेला नट वाक्य गिळत नाही. त्यात बाईंकडचं मिळाल्यावर काय होतं ते नीनाताईंच्या कामात दिसतं. एकाकडे जे कमी असेल ते दुसऱ्याकडे मिळतं, आणि दोघांचं न जुळणारं तुझं तुला सोडवावं लागतं. तो गुंता सोडवताना खरं शिकणं होतं.

आणि पडद्यामागे काम कर. खरंच सांगतो. प्रयोगाच्या वेळी विंगेत उभं राहून एकच नाटक पुन्हा पुन्हा बघ. कोणता नट रोज तेच करतो आणि कोणता रोज ऐकतो, हे आठवड्याभरात कळायला लागतं. रोज ऐकणाऱ्याच्या मागे लाग.

---

कोरी वही

धन्यवाद, नेपथ्यवाला काका आणि तिसरी घंटा. विंगेत उभं राहायचं मनावर घेते. बाईंचं काही वाचायला मिळेल का?

---

मधली ओळ

त्यांचं आत्मकथन आहे, 'झिम्मा', राजहंस प्रकाशन, २०१२. तालमींविषयी वाचण्यासारखं भरपूर आहे त्यात. पण वाचायच्या आधी 'स्मृतिचित्रे' बघ, दूरदर्शनसाठी त्यांनी केलेला चित्रपट. लक्ष्मीबाई टिळकांच्या भूमिकेत सुहास जोशी. लक्ष्मीबाईंचं लिखाण आपल्या सगळ्यांच्या कानात आहे, त्यामुळे ते नुसतं गोड बोलून दाखवायचा मोह किती होत असेल! सुहासताई तसं करत नाहीत. भाबडेपणा आहे, पण त्याच्याखाली एक चिवट बाई सतत जागी आहे.

---

दगडी पाटी

'स्मृतिचित्रे'ला पूर्ण अनुमोदन. तिथे माझी कसलीच तक्रार नाही.

विंगेतून, तुमच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो. इथे चार उत्तरं आली: स्वतः आतून शोधायची सवय, प्रयोगात दिग्दर्शकपण सोडणं, ठरलेली शैली नसणं, आणि परक्या भाषेतलं काम. मला नेपथ्यवाल्यांचं सगळ्यात खरं वाटतं, कारण ते तालमीच्या जागेतून आलंय. पण एक गोष्ट राहिली. बाईंकडे गेलेले नट त्यांच्यासारखे झाले नाहीत, हे खरं. दिग्दर्शक किती झाले? 'रंगायन'मधून झाले, ते तिसरी घंटांनी सांगितलंच. नंतरच्या व्यावसायिक नाटकांमधून मला फारसे आठवत नाहीत. नट घडवणारी तालीम दिग्दर्शक घडवत नसेल का? की व्यावसायिक नाटकाच्या तारखांमध्ये तेवढी सवडच नसते?

---

विंगेतून

हा प्रश्न चांगला आहे, आणि मला वाटतं सवडीचाच भाग मोठा आहे. 'रंगायन' सभासदांच्या वर्गणीवर चालायचं. ठरावीक प्रयोग, मग पुढचं नाटक. त्यामुळे आज नट असलेला उद्या प्रकाश सांभाळायचा, परवा स्वतः बसवायचा. व्यावसायिक नाटकात एकदा भूमिका मिळाली की शंभर प्रयोग तीच. नट त्यात मुरतो, पण नाटक बांधताना बघायची संधी एकदाच मिळते. बाई त्याच होत्या, भोवतालची रचना बदलली होती.

ज्यांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' प्रत्यक्ष पाहिलंय अशा कुणी इथे असाल तर जरूर लिहा. ब्रेख्तसाठी लागणारी अलिप्तता आणि खानोलकरांची भाषा यांचा मेळ नटांनी कसा साधला, गाणी कशी म्हटली, प्रेक्षकाकडे बघून बोलताना कुणाचा तोल गेला का, हे मला फार जाणून घ्यायचंय. 'वाडा चिरेबंदी' हा तर वेगळा धागा काढण्याचा विषय आहे; १९८५ चा तो प्रयोग पाहिलेल्या मंडळींनी तयारीत राहा.